‘आणि पार्टी’ : शाहिरी, झील आणि कर्तृत्वाचा प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासात शाहिरी वाङ्मयाला स्वतंत्र प्रकरण असते. शाहिराला मात्र ते नसते. राम जोशी, अनंत फंदी, प्रभाकर, होनाजी, सगनभाऊ, परशराम यांच्या रचनांची भाषा, वृत्ते, विषय आणि शृंगार यांची चर्चा होते. परंतु ज्या देहाने ही रचना उभी केली, ज्या गळ्याने ती फेकली आणि ज्या हाताने डफावर तिचा ठेका धरला, तो देह, तो गळा आणि तो हात चर्चेबाहेर राहतात. याचे एक कारण उघड आहे. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला तेव्हापासून पोवाडा ही वाचण्याची वस्तू झाली. गोंधळ्यांच्या तोंडून उतरून घेतलेले शब्द कागदावर स्थिरावले; सूर, ठेका, मध्येच येणारे गद्य, श्रोत्यांकडे पाहून केलेला बदल हे सारे कागदाच्या बाहेर राहिले. समीक्षेने पुढे जे मूल्यमापन केले ते या उरलेल्या शब्दांचे. त्यात अन्याय झाला असे म्हणण्यापेक्षा, समीक्षेने आपल्या हाताला लागेल तेवढ्यालाच वाङ्मय म्हटले, असे म्हणणे अधिक नेमके ठरेल.

वास्तविक, रचणारा, गाणारा आणि वाजवणारा असा तिहेरी कलावंत हा आधुनिक काळाचा शोध नव्हे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताच्या चर्चेत ‘गायक-गीतकार’ ही कोटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रतिष्ठित झाली. मराठीत त्या कोटीला जुना आणि रुळलेला शब्द आहे, तो म्हणजे शाहीर. मात्र या शब्दाकडे भाबडेपणाने पाहून चालणार नाही. शाहिरी परंपरेतच श्रमविभागणी होती. होनाजी-बाळा हे जोडनाव घेताना होनाजी शिलारखाने याने रचावे आणि बाळा कारंजकराने गावे ही वाटणी त्यात गृहीत असते. पठ्ठे बापूरावांच्या लावणीला पवळेचा गळा लाभला नसता तर ती ज्या रीतीने महाराष्ट्रभर गेली त्या रीतीने गेली असती काय, हा प्रश्न बापूरावांवरील लेखनात क्वचितच विचारला जातो. लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे यांची रचना, अमर शेख यांचा पहाडी आवाज आणि गव्हाणकरांची साथ यांची जी गुंफण झाली तीही याच जातीची. तेव्हा एकाच देहात तीनही कर्तृत्वे नांदतात तो शाहीर, ही व्याख्या आदर्श म्हणून ठीक. व्यवहारात शाहिरी ही नेहमीच फडाची, म्हणजे अनेकांची कला राहिली आहे.

या अनेकांमध्ये नाव कुणाचे उरते, हा येथे महत्त्वाचा प्रश्न आहे. परंपरेने त्याची सोय रचनेच्या आतच करून ठेवली होती. कवनाच्या शेवटच्या कडव्यात रचनाकार आपले नाव गुंफतो, ही नाममुद्रा. अफझलखानवधाचा पोवाडा रचणारा अज्ञानदास किंवा सिंहगडाचा पोवाडा रचणारा तुळशीदास आपल्याला माहीत आहेत ते या मुद्रेमुळेच. नाममुद्रेच्या विरुद्ध टोकाला उभी आहे ती झील. शाहिराच्या मागे तुणतुणे, मंजिरी घेऊन उभे असलेले झीलकरी चरणाचा शेवट उचलतात, ताणतात आणि शाहिराच्या हाती परत देतात. झील ही केवळ साथ नव्हे. तिच्यामुळे शाहिराला श्वास घेता येतो, पुढचा चरण आठवता येतो, आठवला नाही तर जुळवता येतो. आणि श्रोत्यांनी द्यावयाची दाद रंगमंचावरूनच आगाऊ दिली जाते. मौखिक महाकाव्याच्या गायकांचा अभ्यास करून अल्बर्ट लॉर्ड यांनी १९६० मध्ये असे दाखवून दिले की मौखिक परंपरेत रचना आणि सादरीकरण या दोन क्रिया नसून एकच क्रिया असते. ही गोष्ट मान्य केली तर झीलकरी हा रचनेचाच भागीदार ठरतो, कारण रचना घडते त्या क्षणी तो तेथे उपस्थित असतो आणि त्या क्षणाला अवधी पुरवतो. तरी नाममुद्रेत त्याचे नाव येत नाही.

ध्वनिमुद्रिकेने या व्यवस्थेत जो बदल केला त्याचा मराठीत पुरेसा विचार झालेला नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गोहरजानने आपल्या गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ते तंत्रज्ञांच्या सोयीसाठी होते असे सांगितले जाते. परंतु मुद्रा गीताच्या आतून गीताच्या बाहेर कशी सरकली याचा तो पहिला भारतीय पुरावा आहे. नाव आता कडव्यात नसून गायनानंतरच्या उच्चारात आहे. आणखी थोड्या काळाने ते उच्चारातूनही जाऊन तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर जाऊन बसले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सुमारे तीन मिनिटे मिळत. तासभर चालणारा पोवाडा तीन मिनिटांत बसवायचा तर काही ना काही गळणारच. आणि शेवटचे कडवे हे कापण्यास सर्वांत सोयीचे असते. गीतातील मुद्रेची गरज उरली नाही, कारण चकतीवर नाव होतेच. मात्र चकतीवर कुणाचे नाव घालायचे याचा निर्णय आता कवीच्या हाती नव्हता.

अमेरिकेतील ग्रामीण संगीताचा, म्हणजे ‘कंट्री’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा, इतिहास येथे उपयोगी पडतो. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीअर हा ध्वनिमुद्रण व्यावसायिक टेनेसी आणि व्हर्जिनिया यांच्या सीमेवरील ब्रिस्टल या गावी यंत्रे घेऊन गेला. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांची पहिली मुद्रणे तेथे झाली. पीअरची एक अट होती : गाणे असे हवे की ज्यावर स्वामित्वहक्क नोंदविता येईल. सर्वांना ठाऊक असलेले पारंपरिक गाणे त्याच्या दृष्टीने निरुपयोगी होते, कारण त्यातून प्रकाशनाचे उत्पन्न मिळत नसे. गायकाने स्वतःचे गाणे स्वतः रचावे ही अपेक्षा पुढे प्रामाणिकपणाची, आत्माविष्काराची खूण मानली गेली. तिचे मूळ मात्र असे हिशेबाच्या वहीत आहे. ए. पी. कार्टर डोंगरांतून फिरून गाणी गोळा करी आणि ती आपल्या नावावर नोंदवी. त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. कार्टर शब्द टिपून घेई आणि चाल रिडल लक्षात ठेवी. चाल लक्षात ठेवणाऱ्याच्या वाट्याला त्या गाण्यांवर नाव आले नाही. पुढे नॅशव्हिल शहरात ध्वनिमुद्रण हा मोठा उद्योग झाला तेव्हा तेथील निष्णात वादकांचा एक छोटा गट दिवसाला तीन-तीन, चार-चार मुद्रणे करीत असे. स्वरलिपीऐवजी आकड्यांची एक सुटसुटीत पद्धत त्यांनी रूढ केली आणि ऐनवेळी, तोंडी ठरवून, गाण्यांचे सांगीतिक रूप सिद्ध केले. तबकडीच्या वेष्टनावर बहुधा त्यांची नावे नसत. व्यवसायाने त्यांना झीलकऱ्याच्या जागी उभे केले, एवढेच.

या पार्श्वभूमीवर कृष्णराव गणपतराव साबळे, म्हणजे शाहीर साबळे, यांच्या कारकिर्दीकडे पाहिले पाहिजे. तिच्यात वर सांगितलेल्या सर्व भूमिका एकामागून एक, कधी एकाच वेळी, आढळतात. आणि तिच्याविषयी मराठीत जे लेखन झाले ते मुख्यतः गौरवपर आहे. गौरव रास्त आहे, पण गौरवाने प्रश्न सुटत नाहीत.

साबळे यांचा जन्म ३ सप्टेंबर १९२३ चा, वाईजवळच्या पसरणीचा. घरात भजनाचे वातावरण, हाती बासरी. शिक्षणासाठी ते खानदेशात अमळनेरला आजोळी गेले आणि तेथे साने गुरुजींच्या प्रभावाखाली आले. सातवीपुढे शाळा राहिली. चळवळीने आणि गाण्याने तिची जागा घेतली. १९४० च्या दशकातील अनेक शाहिरांप्रमाणे त्यांचाही आरंभ प्रचाराचा आहे. आंदोलनाचे शाहीर आणि उत्सवाचे शाहीर असा भेद नंतरच्या काळात केला गेला, पण त्या दशकात तो स्पष्ट नव्हता. साबळे लाल बावट्याच्या पंथाचे नव्हते. साने गुरुजींच्या समाजवादी, मानवतावादी वळणाने त्यांच्या शाहिरीला एक सौम्यता दिली आणि ती सौम्यता त्यांच्या आवाजातील धारेशी नेहमीच एक प्रकारच्या ताणात राहिली. हा ताण त्यांच्या उत्तम गायनात ऐकू येतो. गळा युद्धाचा आहे आणि वृत्ती घरगुती आहे.

त्यांच्या फडाचे नाव होते ‘शाहीर साबळे आणि पार्टी’. या नावातील ‘आणि पार्टी’ हे दोन शब्द मराठी ध्वनिमुद्रिकांच्या, आकाशवाणीच्या निवेदनांच्या आणि जाहिरातींच्या भाषेत इतके रुळलेले आहेत की त्यांच्याकडे लक्ष जात नाही. ‘आणि मंडळी’, ‘आणि साथीदार’ ही त्यांचीच भावंडे. फडातील झील जेव्हा छापील अक्षरात आली तेव्हा ती या रूपात आली : अस्तित्व मान्य, संख्या अनिश्चित, नावे नाहीत. जुन्या फडात झीलकऱ्याचे नाव कवनात नसले तरी त्याचा चेहरा समोर असे. गावातल्यांना तो कोण, कुणाचा, हे ठाऊक असे. तबकडीने चेहराही काढून घेतला. जमातीतील अनामिकता आणि उद्योगातील अनामिकता यांमधील फरक येथे सुरू होतो. पहिल्या प्रकारात नाव सांगण्याची गरज नसते, कारण ते सर्वांना माहीत असते. दुसऱ्या प्रकारात नाव सांगण्याची गरज नसते, कारण मोबदला चुकता झालेला असतो. लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ‘अनामिक लोकप्रतिभा’ हा शब्दप्रयोग दोन्ही ठिकाणी सारख्याच आदराने वापरला आहे. त्यामुळे झाले असे की, दुसऱ्या प्रकारच्या अनामिकतेला पहिलीचे पावित्र्य आयते मिळाले.

साबळे यांच्या फडात नाव मिळण्या-न मिळण्याचा हा प्रश्न घरातच होता. त्यांच्या पत्नी भानुमती या गीतरचना करीत आणि ती रचना फड गात असे. शाहिराच्या नावाने जे ओळखले गेले त्यात त्यांचा वाटा किती, याची गणती मराठी समीक्षेने केलेली नाही. केदार शिंदे यांच्या २०२३ मधील ‘महाराष्ट्र शाहीर’ या चित्रपटाने हे व्यक्तिमत्त्व सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे आणले; जे काम समीक्षेचे ते आधी चित्रपटाने केले, ही गोष्ट समीक्षेने लक्षात घ्यावी अशी आहे. अर्थात चित्रपटाला दांपत्यजीवनाची कहाणी हवी असते. समीक्षेला हवे आहे ते वेगळे : कोणत्या रचनांत बोली घरगुती आहे, कोणत्या रचनांत स्त्रीच्या तोंडची भाषा शाहिराच्या गळ्यातून येताना बदलते, आणि फडाच्या गरजेनुसार शब्द कुठे वाकवले गेले. असा अभ्यास होऊ शकतो, कारण ध्वनिमुद्रणे उपलब्ध आहेत.

साबळे यांच्या गाजलेल्या मुद्रणांपैकी दोन येथे विशेष विचारात घेण्यासारखी आहेत. एक एकनाथांचे विंचवाचे भारूड आणि दुसरे ‘गर्जा महाराष्ट्र माझा’. दोन्हींचे शब्द साबळे यांचे नाहीत. तरी सामान्य रसिकाला विचारले तर दोन्ही गाणी शाहीर साबळ्यांची, असेच उत्तर येईल.

भारुडाची गोष्ट मुळातच चमत्कारिक आहे. एकनाथांनी विंचवाच्या दंशाचे रूपक कामक्रोधांसाठी योजले आणि उतारा म्हणून सत्त्वगुणाकडे बोट दाखवले. संहिता म्हणून वाचले तर दंश आणि उतारा यांचे वजन जवळपास सारखे आहे. किंबहुना सारे रूपक उताऱ्यासाठीच रचलेले आहे. साबळे यांच्या सादरीकरणात दंशाला जो विस्तार मिळतो, कळवळण्याचे जे नाट्य होते, आवाजाची जी पट्टी चढत जाते, तिने हे वजन बदलते. श्रोता दंशात रमतो. शेवटी ‘एका जनार्दनी’ ही मुद्रा येते तोपर्यंत हसून झालेले असते. यावर दोन मते संभवतात. एक असे की, आध्यात्मिक आशयाचे येथे करमणुकीत रूपांतर झाले. दुसरे असे की, एकनाथांनीच भारूड हा बहुरूप्याचा प्रकार निवडला होता, तेव्हा सोंग हेच भारुडाचे मूळ रूप आणि साबळे यांनी छापील गाथेत कोरडे पडलेले सोंग पुन्हा ओले केले. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र त्याचा परिणाम कर्तृत्वाच्या कल्पनेवर होतो. शब्द तेच राहून अर्थाचा गुरुत्वमध्य सरकला असेल, तर हे सरकवणे हीही एक रचनाच आहे. कर्त्याचा अंत झाल्याची घोषणा १९६७ मध्ये रोलाँ बार्थ यांनी केली आणि अर्थनिर्मितीचा अधिकार वाचकाकडे दिला. मौखिक परंपरेच्या संदर्भात या घोषणेत एक पात्र राहून गेले आहे. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये येथे गाणारा उभा असतो, आणि अर्थाचा बराचसा व्यवहार त्याच्याच हाती असतो.

‘गर्जा महाराष्ट्र माझा’ची कथा निराळी आहे. शब्द राजा बढे यांचे, संगीत श्रीनिवास खळे यांचे. साबळे येथे शाहीर नाहीत. ते दुसऱ्याच्या शब्दांना आणि दुसऱ्याच्या चालीला आवाज देण्यासाठी बोलावलेले गायक आहेत. १ मे १९६० च्या महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेशी या गीताचे नाते जडले आणि त्याला पोवाड्याचा आवेश लाभला. पण पोवाड्याचा आवेश असणे आणि पोवाडा असणे यांत अंतर आहे. पोवाड्यात कथा असते, तपशील असतो, शत्रूचे नाव असते, मध्येच गद्य असते, आणि शाहिराला प्रसंगानुसार कडवे वाढवता किंवा गाळता येते. खळे यांची बांधणी घट्ट आहे. तिच्यात एक मात्राही इकडची तिकडे होऊ शकत नाही. शाहिरी स्वराचा रंग घेऊन शाहिरी स्वातंत्र्य बाजूला ठेवणे ही या गीताची किमया आहे आणि त्याच्या चिरस्थायित्वाचे कारणही तेच आहे. जे गीत बदलत नाही तेच शासनाला उपयोगी पडते. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने याच गीतातील दोन कडव्यांचे रूप राज्यगीत म्हणून स्वीकारले. संक्षेप येथेही झालाच. फरक एवढाच की पूर्वी तो तबकडीच्या अवकाशामुळे होत असे, आता तो समारंभाच्या शिष्टाचारामुळे झाला.

मुक्तनाट्यांत साबळे यांनी हे गमावलेले स्वातंत्र्य परत मिळविण्याचा प्रयत्न केला, असे म्हणता येईल. १९६० मधील ‘यमराज्यात एक रात्र’पासून पुढच्या प्रयोगांत वगाचा सांगाडा, समकालीन विषय आणि सोंगाड्याची हजरजबाबी यांची सांगड आहे. तमाशा या शब्दाभोवतीचा मध्यमवर्गीय संकोच टाळण्यासाठी ‘मुक्तनाट्य’ हा शब्द आला आणि त्या शब्दाबरोबर काही सोवळेपणाही आला. ‘आंधळं दळतंय’ हे १९६६ मधील मुक्तनाट्य मुंबईतील मराठी माणसाच्या स्थितीवर होते, आणि शिवसेनेच्या स्थापनेच्या वातावरणाशी त्याचे नाव जोडले गेले. राजकीय परिणाम आणि कलात्मक गुण यांची गल्लत या नाटकाबाबत दोन्ही बाजूंनी झालेली आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, शाहिराच्या अधिकारवाणीला अजूनही लोक कृतीने प्रतिसाद देऊ शकतात याचे ते एक शेवटच्या काळातील उदाहरण होते. त्यानंतर साबळे यांचा ओढा क्रमाने वेगळ्या दिशेला गेला.

ती दिशा म्हणजे ‘महाराष्ट्राची लोकधारा’. वासुदेव, गोंधळी, कोळी, धनगर, वाघ्या-मुरळी, भारूड, लावणी असे प्रकार एका रंगमंचावर, एका संध्याकाळी, एका सूत्रात ओवणारा हा कार्यक्रम रंगमंचावरून दूरदर्शनवर गेला आणि पुढे मराठी नाट्यचित्रसृष्टीत नाव काढणारे कितीतरी तरुण त्यातून घडले. भरत जाधव, अंकुश चौधरी, केदार शिंदे ही त्यांतील ठळक नावे. म्हणजे ‘आणि पार्टी’तील काहींना पुढे नाव मिळाले, पण ते लोककलेच्या क्षेत्रात नव्हे, नाटक-चित्रपटाच्या क्षेत्रात. साबळे यांना १९८४ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यामागे त्यांच्या रचनेपेक्षा या संकलनाचे वजन अधिक असावे. शाहीर येथे कर्ता न राहता संग्राहक होतो, जणू काही रंगमंचावरचा शाळिग्राम. फरक असा की शाळिग्रामांनी शब्द ठेवून सूर गाळला. लोकधारेने सूर, वेश आणि पदन्यास ठेवले आणि ज्या प्रसंगासाठी ते होते तो प्रसंग गाळला. जागरणाला रात्र हवी, नवस हवा, ज्याच्या घरी जागरण तो यजमान हवा. रंगमंचावर जागरणाला सात मिनिटे असतात. अशोक दा. रानडे यांनी १९७५ मध्ये ‘लोकसंगीतशास्त्र’ या ग्रंथात लोकसंगीताच्या प्रयोजनाकडे लक्ष वेधले होते. त्या दृष्टीने पाहता प्रयोजनापासून सुटलेले लोकसंगीत हा एक नवाच प्रकार मानला पाहिजे. तो कनिष्ठ आहे असे नव्हे. पण तो मूळचाच आहे असा समज पसरणे धोक्याचे आहे.

हा धोका कुठे जाणवतो ते पाहण्यासाठी राज्याच्या वायव्य टोकाला गेले पाहिजे. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. अक्कलकुवा हा त्यातील सातपुड्याच्या कुशीतला तालुका. तालुक्यातील काठी या जुन्या संस्थानच्या गावी होळीला हजारो आदिवासी जमतात. जंगलातून आणलेला उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल वाजतो आणि पहाटे होळी पेटते. अंगावर पांढरी नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरे आणि दुधी भोपळे बांधलेले बावा आणि बुध्ये नाचतात. नवस बोललेले असल्यामुळे ते काही दिवस व्रतस्थ असतात. या ढोलवादकाला लोकधारेच्या रंगमंचावर आणता येईल, त्याच्या वेशाची नक्कलही करता येईल. व्रत आणता येणार नाही. आणि भाषेची अडचण तर आरंभीच उभी राहते. येथील बोली देहवाली. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ च्या खंडात तिची नोंद भिल्ली भाषांमध्ये आहे, मराठीत नाही. याहा मोगीच्या यात्रेला अक्कलकुव्याची माणसे सीमा ओलांडून गुजरातेत देवमोगऱ्याला जातात. बोली आणि देवी या दोन्हींना राज्याची सीमा ठाऊक नाही. महाराष्ट्राची म्हणून जी लोकधारा ती मराठी भाषेच्या काठाने वाहते. काठीची धारा तिला मिळायची तर आधी तिचे भाषांतर व्हावे लागेल. देशीवादाच्या मराठीतील चर्चेलाही हा पेच नीट सुटलेला नाही. देशी म्हणजे मराठी देशी, असे तिने बहुधा गृहीत धरले.

काठीच्या ढोलवादकाचे नाव कुठेही छापलेले नसते. मुंबईतील ध्वनिमुद्रणशाळेत ढोलकी वाजविणाऱ्याचेही नाव दीर्घकाळ छापलेले नसे. वर उल्लेखिलेल्या दोन अनामिकता येथे शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी जे काम केले त्याची दखल ग्रेगरी बूथ यांनी २००८ मध्ये वादकांच्या मुलाखतींवर आधारलेल्या ग्रंथात घेतली. त्याआधी अँथनी गोन्साल्विस या व्हायोलिनवादक गुरूचे नाव १९७७ मध्ये चित्रपटातील एका गंमतीच्या गाण्यात पात्राचे नाव म्हणून आले, तेही त्यांचे शिष्य प्यारेलाल संगीतकार होते म्हणून. देशभर कोट्यवधी लोकांनी ते नाव गुणगुणले आणि त्या नावाचा खरा माणूस आहे हे फार थोड्यांना ठाऊक होते. नाममुद्रेचा इतका विपरीत उपयोग जुन्या शाहिरांना सुचला नसता.

कायद्याने हा प्रश्न उशिरा हाती घेतला. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात गीतकार आणि संगीतकार हे कर्ते होते, पण गाणारा-वाजविणारा कुणीच नव्हता. १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला हक्क दिले आणि २०१२ च्या दुरुस्तीने त्यांत मानधनाच्या वाट्याची आणि नावाने ओळखले जाण्याच्या हक्काची भर घातली. परंतु याच दुरुस्तीत चित्रपटापुरती एक मेख आहे. ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे आहे आणि उद्योगाच्या नेहमीच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीसकट कुठेही दिले जात नाही, तो सादरकर्ता समजला जाणार नाही. विकृतीविरुद्ध तक्रार करण्यापुरताच त्याला तो दर्जा. म्हणजे नाव दिले जात नाही म्हणून नाव मागण्याचा हक्क नाही. झीलकऱ्याची व्याख्या इतक्या नेमकेपणाने मराठी समीक्षेतही कुणी केलेली नाही. फुको यांनी १९६९ मध्ये लेखक हे एक कार्य आहे, ते समाजाच्या व्यवस्था ठरवतात, असे मांडले तेव्हा त्यांच्यापुढे ग्रंथ होते. या कलमात तीच गोष्ट ढोलकीच्या बाबतीत विधिमंडळाच्या भाषेत लिहिलेली आढळते.

साबळे यांचे निधन २० मार्च २०१५ रोजी झाले. त्यांच्या आवाजाची ओळख आज ज्या गीताने होते त्या गीतात बढे यांनी नद्यांची नावे गुंफली आहेत, आणि त्या नावांत पहिले नाव रेवेचे, म्हणजे नर्मदेचे आहे. ती महाराष्ट्राला स्पर्श करते ते केवळ सुमारे ५४ किलोमीटर, आणि तो काठ अक्कलकुवा आणि अक्राणी या दोन तालुक्यांचा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातील ज्या ३३ गावांवर संकट आणले ती याच काठावरची; त्यांतील पहिले मणिबेली, अक्कलकुवा तालुक्यातले, १९९३ मध्ये पाण्याखाली जाऊ लागले. काही कुटुंबे गुजरातेत गेली, काही तळोदा परिसरातील वसाहतींत आली, काही डोंगरात वर सरकली. राज्यगीताच्या स्वीकृतीनंतर शासकीय समारंभांत रेवेचे नाव मराठी मुले एका सुरात घेतात. तिच्या काठावर जी गाणी देहवालीत म्हटली जात, त्यांतील ढोल कोण वाजवी आणि झील कोण धरी, हे अजून त्या वसाहतींतील म्हाताऱ्या माणसांना विचारता येते.